वाढत्या अंगाचं जॅकेट

जाफराबादेत माझ्याकडं शिवायला येणारी एकही बाई अशी न्हाई, जी लेकराचं माप देताना "वाढत्या अंगाचं शिवा बरं का" म्हणत न्हाई. शाळेचा ड्रेस असो, लग्नातला फ्रॉक असो, न्हाईतर चौदा एप्रिलला घालायचा पांढरा कुर्ता असो. लेकरू समोर उभं राहतं, मी टेप लावते आणि त्याची आई पाठीमागून मला बोटं दाखवते, दोन, तीन, कधी चार. मंग मी बाजूला, बाह्यांना आणि खाली घेराला तेवढं कापड आत दुमडून शिवते. पुढच्या साली तीच बाई तोच ड्रेस घेऊन येते. मी शिलाई उसवते, आतलं कापड बाहेर काढते, आणि ड्रेस आणखी एक साल निघतो. उसवलेल्या जागी कापड कोरं दिसतं आणि बाकीचं विटलेलं, त्यामुळं एक पट्टी उठून दिसते. पण तिला कोणी नावं ठेवत न्हाई, कारण सगळ्यांच्याच लेकरांच्या कपड्याला ती पट्टी असते.

माझ्या तर होतीच होती. मी केदारखेड्याची. पाचवीत शिवलेला निळा स्कर्ट मी आठवीपर्यंत घातला. पाचवीत तो घोट्याला लागायचा, आठवीत गुडघ्यावर गेला, आणि मधल्या सालांत कधीतरी तो बराबर मापाचा झाला असणार, पण ते काही मला आठवत न्हाई. अठरावं लागलं न लागलं तर माझं लग्न झालं. पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज आईनं तालुक्याहून शिवून आणला, तोसुद्धा वाढत्या अंगाचा! लग्नाच्या फोटोत माझ्या बाह्या कोपराच्या खाली लोंबतात. लेक तो फोटो बघून अजून हसते, म्हणते, मम्मी, हा ब्लाऊज तुझा का आजीचा? हसू दे. मला त्या फोटोचा राग येत न्हाई. फक्त एवढं वाटतं, की माझ्या जन्मात मला मापाचा असा कपडा मी स्वतः शिवायला शिकले तेव्हाच मिळाला.

ही सवय माझ्या हातात एवढी मुरली, की तिच्यापायी माझ्या पोरीचं सगळं केलेलं एका सकाळी पाण्यात जाता जाता राह्यलं. कोणाकोणाच्या उपकारानं राह्यलं, तेच सांगायला बसले आहे.

आम्हाला एकच लेक. तिचे पप्पा जाफराबाद ते जालना शेअरिंगची जीप चालवतात. मी घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बसते. आमच्या दोघांच्या घरात कोणी कधी बंदुकीला हात लावला असेल असं मला वाटत न्हाई. लेक नववीत असताना एनसीसीच्या कॅम्पला गेल्ती. तिथं सगळ्या पोरींना पाच-पाच गोळ्या मारायला दिल्त्या. घरी आली ती दप्तरातून एक कागद काढून मला दाखवायला लागली. मधोमध एक भोक, कडा फाटलेल्या. मी म्हणले, पाच मारल्या म्हणतेस आणि भोक तर एकच, बाकीच्या चार काय आभाळात गेल्या का? ती म्हणाली, त्याच भोकातून गेल्या. मला बिलकुल खरं वाटलं न्हाई. मी तिला म्हणले, जा, हातपाय धू. दुसऱ्या दिवशी शाळेतले एनसीसीचे सर स्वतः घरी आले आणि उभ्या-उभ्याच म्हणाले की हिला जालन्याला पाठवा. तेव्हा मी तो कागद कचऱ्यातून शोधून काढला. हो, मीच टाकला होता झाडताना. आज तो काचेत बसवून मशीनच्या वर लावलाय.

जालन्याला एक निवृत्त फौजी आहेत. एका शाळेच्या मागच्या लांब शेडमध्ये ते पोरांना दहा मीटरवरची एअर रायफल शिकवतात. दर रविवारी पप्पांच्या पहिल्या फेरीला लेक जालन्याला जायला लागली. जीपमधली ड्रायव्हरच्या बाजूची पुढची सीट म्हणजे काय असते ते शेअरिंगनं फिरणाऱ्यांना विचारा. तिच्यासाठी माणसं अर्धा-अर्धा तास आधी येऊन बसतात. आमच्या ह्यांनी चार सालं रविवारची ती सीट कोणाला दिली न्हाई. तालुक्यातला एक मोठा साहेब एकदा दार उघडून बसायलाच लागला, तर हे म्हणाले, साहेब, मागं बसा, इथं खेळाडू बसती. साहेब मागं बसले. ह्यांनी मला ते घरी येऊन तीनदा सांगितलं. एरवी हा माणूस दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप.

गावात बोलणारे बोललेच. एक बाई ब्लाऊजचं माप देता देता म्हणाली, पोरगी म्हणं जत्रंतले फुगे फोडायला शिकून राह्यली. मी तोंडाची फटकळ, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी टेप तिच्या गळ्यात तशीच ठेवली आणि म्हणले, हो ना, फुगेच फोडती, तुमच्यासारखे फुगलेले कोणी असले तर सांगा. ती बाई दोन महिने माझ्याकडं आली न्हाई. मंग आली, कारण तिच्या पाठीचा उतार दुसऱ्या कोणाला जमत न्हाई.

खरं सांगू का, आत मलासुद्धा धाकधूक होती. एवढा वेळ घालून हिचं पुढं होणार काय, हे मलाही कळत न्हवतं. पण एक गोष्ट मी रोज बघत होते. जालन्याच्या त्या फौजी सरांनी तिला त्यांची एक रायफल घरी न्यायला दिली होती आणि बिनछर्‍याचा सराव सांगितला होता. म्हणजे बंदूक नुसती धरून उभं राहायचं, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. ठिपक्याला मी तिला कोटाचं एक काळं बटन दिलं, ते तिनं समोरच्या भिंतीला चिकटवलं. माझं मशीन इकडं धडधडतंय, गिऱ्हाईक येतंय-जातंय, बाहेर भाजीवाला ओरडतोय, आणि ही आपली तासभर एका बटनाकडं बघत उभी. माझी ही पोर, जिला जेवायला तीन हाका माराव्या लागतात, जिची चप्पल रोज हरवती, ती तासभर हलत न्हाई! मी सुई ओवायचं सोडून तिच्याकडं बघत बसायचे. कोणाच्या लेकराची दृष्ट कोणाला लागते म्हणतात, मला वाटायचं माझीच लागते का काय.

एवढा वेळ बंदूक तोलली की पाठ भरून येती. त्यासाठी ह्या खेळात एक खास जाड जॅकेट घालतात, कॅनव्हासचं, कोपराला आणि खांद्याला कातडं लावलेलं. नवीन जॅकेटचा खर्चा ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राह्यलो. सरांनी एका जुन्या पोराचं फाटकं जॅकेट नमुना म्हणून दाखवलं. मी ते उलटं करून, शिलाया मोजून बघितलं आणि म्हणले, सर, ह्यात काय एवढं, मी शिवते. सर हसले. म्हणाले, ताई, अंगाबरोबर पाहिजे आणि जाड नको, जाडीचा नियम आहे. मी मान हलवली. आता शिवणाऱ्या बाईला कोणी मापाचं सांगायला लागलं की ती मान हलवतेच, पण ऐकत न्हाई. मीही ऐकलं न्हाई.

पंधरा दिवस मी त्या जॅकेटला लागले. मशीनच्या चार सुया मोडल्या. ह्यांनी जीपच्या सीटा शिवणाऱ्याकडून खऱ्या कातड्याचे तुकडे आणले. कापड कापायच्या वेळी लेक समोर उभी होती, दहावीतली, हाडकुळी, अजून वाढणारी. मी टेप लावली. मागून कोणी बोटं दाखवत न्हवतं, आई तर मीच होते. माझ्या हातानं आपोआप दोन्ही बाजूला तीन-तीन बोटं कापड जास्त धरलं. ते आत दुमडलं, सपाट केलं, वरून अशी शिलाई घातली की शोधून सापडणार न्हाई. मला वाटलं, बारावीपर्यंत बघायचं काम न्हाई. तिनं ते घातलं आणि आरशासमोर उभी राह्यली, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत ती ते घालून पहिली आली. तिथं कोणी काही मोजलं-बिजलं न्हाई.

मंग विभागाची स्पर्धा आली. ती त्या साली जालन्यालाच भरली होती. आठ दिवस आधी सर आमच्या घरी चहाला आले आणि जे सांगायचं ते त्यांनी सरळ सांगितलं. त्यांच्याकडं चांगली रायफल एकच, ती सध्या आमच्या लेकीकडं. मागं पोरं रांगेत उभी आहेत. विभागातून राज्याला जायला जेवढे गुण लागतात तेवढे तिनं काढले तर रायफल तिच्याकडं राहील, न्हाईतर पुढच्या पोराला द्यावी लागेल. म्हणाले, मला वाईट वाटेल, पण द्यावी लागेल. लेकीनं फक्त "हो सर" म्हणलं आणि जाऊन बटनासमोर उभी राह्यली. मी त्या रात्री भाकरी दोनदा करपवली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही तिघं जीपनं गेलो. ह्यांनी त्या दिवशी एकही सवारी घेतली न्हाई. हॉलच्या बाहेरच्या खोलीत सामानाची तपासणी होती. बूट, पँट, जॅकेट, सगळं. पुण्याहून आलेल्या एक मॅडम होत्या, चष्मा लावलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या हातात घड्याळासारखी तबकडी असलेलं एक यंत्र होतं. त्याच्या दातात कापड धरायचं, की काटा फिरून जाडी दाखवतो. पाठ झाली, बाही झाली, खांदा झाला. मी आपली ऐटीत उभी, की बघा म्हणावं, घरचं काम. मंग त्यांनी बाजूला यंत्र लावलं आणि काटा पुढं सरकला. त्यांनी दुसऱ्या बाजूला लावलं, तिथंही तेच. मॅडमनी चष्म्यावरून लेकीकडं बघितलं.

"हे आत काय घातलंय? कमरेला आधार मिळावा म्हणून पट्टी घातलेली दिसते. हे चालत नाही."

रांगेतले बाकीचे आई-बाप माना वर करून बघायला लागले. एक जण हलकेच हसला. म्हणजे माझी पोर फसवून आली असं झालं! माझा पारा असा चढला की तोंडापर्यंत शब्द आले होते. माझ्या तोंडानं त्या दिवशी पक्कं वाटोळं केलं असतं. पण माझ्याआधी लेक बोलली. आवाज बिलकुल वर न करता, बटनाकडं बघते तशी मॅडमकडं बघून.

"मॅडम, पट्टी न्हाई. माझ्या मम्मीनं वाढत्या अंगाचं शिवलंय."

मॅडमनी जॅकेट उलटं केलं, त्या दुमडीवरून बोट फिरवलं. मला विचारलं, किती कापड आहे आत. मी म्हणले, तीन बोटं. त्या म्हणाल्या की कारण काहीही असलं तरी जाडी ती जाडी, असं घालून आत सोडता येणार न्हाई. मंग म्हणाल्या, पण मी हे फसवणूक म्हणून लिहीत न्हाई, दुरुस्तीला परत दिलं असं लिहिते. हिचा नंबर लागायला तासभर आहे. दुरुस्त करून आणा, एकदाच परत तपासेन. दुसऱ्यांदा काटा पुढं गेला तर जॅकेटशिवाय खेळावं लागेल.

सर बाजूला घेऊन म्हणाले, जॅकेटशिवाय हिचे तेवढे गुण येणार न्हाईत, पाठीला त्याची सवय झाली. ते मला काही बोलले न्हाईत. मी सांगितलं होतं ना, एवढंही म्हणाले न्हाईत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

हॉलच्या पायऱ्यांवर मी जॅकेट मांडीवर घेऊन बसले. शिवणाऱ्या बाईच्या पर्समध्ये सुई, दोरा आणि दोरे तोडायची छोटी कात्री असतेच. मी उसवायला लागले. मी घातलेली शिलाई अशी पक्की, की प्रत्येक टाका मला शिव्या देत निघत होता. लेक दुसरं टोक ताणून धरून शेजारी बसली होती. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या आणि आतलं कापड बाहेर आलं, कोरं, करकरीत, तीन बोटं रुंद. आता ते कुठं दुमडायला जागा न्हवती. जिथं दुमडलं तिथं जाडी होणार. ते कापूनच टाकावं लागणार होतं.

आणि माझा हात चालेना.

कोणाला हे खरं वाटणार न्हाई. बाहेरून बघणाऱ्याला ते कॅनव्हासचे दोन तुकडे. पण मी आजवर हजारो लेकरांचे कपडे शिवले आणि आत सोडलेलं कापड कधी कापलं न्हाई. ते कापलं म्हणजे पुढच्या सालाचं दार आपल्या हातानं लावलं, असं माझ्या डोक्यात बसलेलं. ते जॅकेट परत मोठं होणार न्हवतं. पुढं दुसरं होईल का न्हाई, हिचा खेळ राहील का न्हाई, मला काहीच माहीत न्हवतं. मी कात्री खाली ठेवली आणि म्हणले, थांब, काखेत कुठं सरकवता येतं का बघते.

"काप, मम्मी."

मी म्हणले, "मंग पुढच्या साली काय घालशील?"

"पुढचं साल खेळायला आज नेम लागला पाहिजे ना. काप."

सोळा वर्षांची पोर. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिथं भीती होती, पण माझ्याएवढी न्हवती. मी कात्री उचलली. आता ती छोटी कात्री कॅनव्हासला काय पुरणार? दातही लागेना. तोवर आमचे हे, जे एवढा वेळ जीपपाशी नुसते उभे होते, न सांगता गाडी काढून गेले. मला वाटलं, हे चालले कुठं ह्या वेळेला? दहा मिनिटात परत आले ते पुढच्या सीटवर एका म्हाताऱ्या काकांना घेऊन. बसस्टँडच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे काका, आपल्या हत्यारांच्या पेटीसकट. मी सवयीनं जय भीम म्हणले, त्यांनी राम राम म्हणले, आणि जॅकेट हातात घेतलं. बोटानं कापड चाचपून म्हणाले, काम झ्याक केलंय हो बाई तुम्ही. मंग पेटीतून कातडं कापायची रापी काढली आणि ती मलाच दिली. म्हणाले, तुम्ही शिवलं, तुम्हीच कापा, धार चांगली हाय, जल्दी होईल.

मी कापलं. दोन्ही बाजू. लेकीनं कापड ताणून धरलं होतं, रापी सरळ चालली. माझ्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि मी ते पुसतही न्हवते, कारण हात हलला असता.

शिवायला वेळ कमी होता. आयुष्यात मी माझ्या कामाला कोणाला हात लावू दिला न्हाई. त्या दिवशी डावी बाजू काकांना दिली, उजवी मी घेतली. ते आरीनं भोक पाडून चपलेच्या मेणाच्या दोऱ्यानं टाके घालत होते, मी हातसुईनं. माझी सुई दोनदा बोटात गेली. त्यांची बाजू माझ्याआधी झाली, हे कबूल करते. मंग त्यांनी माझ्या बाजूचे शेवटचे चार टाके पण घालून दिले. पैसे पुढं केले तर त्यांनी हात मागं घेतला, म्हणाले, पोरगी खेळायला चालली, तिच्याकडून काय घ्यायचं. आमचे हे काकांना सोडायला जीप घेऊन गेले आणि तिथं चहा पाजल्याशिवाय परत आले न्हाईत, त्यामुळं लेकीचा अर्धा खेळ त्यांनी बघितलाच न्हाई. ते आजही म्हणतात, मला त्याचं काही वाटत न्हाई. मला वाटतं. पण ते बराबर वागले.

मॅडमनी परत यंत्र लावलं. सावकाश, प्रत्येक जागेवर. दोन्ही बाजूंना तर तीन-तीन वेळा. काटा जागेवर राह्यला. त्यांनी जॅकेटला तपासणीचं स्टिकर लावलं, कागदावर सही केली, आणि जॅकेट लेकीकडं न देता माझ्याकडं दिलं. म्हणाल्या, "शिलाई चांगली आहे तुमची." बस एवढंच. त्यांना काय माहीत, त्या वेळी मला कोणी शिवी दिली असती तरी चाललं असतं, पण हे ऐकून मी जॅकेटची घडीच घालायला लागले, लेक ते घालायला थांबली होती तरी. त्यांनी मनात आणलं असतं तर एका ओळीत माझ्या पोरीला लबाड ठरवलं असतं. त्यांनी वाकून आतली शिलाई बघितली. त्या बाईचं भलं होवो, हे मी आजही म्हणते.

आत आई-बापांच्या खुर्च्या खेळणाऱ्यांच्या मागं असतात. आपल्याला लेकराचं तोंड दिसत न्हाई, नुसती पाठ दिसते. समोर टीव्हीसारख्या पडद्यावर कोणाचा छर्रा कुठं लागला ते दाखवतात. बाकीचे सगळे पडद्याकडं बघत होते. मी बघितलंच न्हाई. मी डाव्या बाजूची शिलाई बघत होते, उसवती का काय म्हणून. पहिले काही नेम हलले असावेत, कारण सर माझ्या शेजारी मांडीवर बोटं वाजवायला लागले. लेकीनं बंदूक खाली ठेवली. जॅकेटची वरची दोन बटनं काढली, श्वास घेतला, परत लावली. घरी माझं मशीन चालू असतं तेव्हा ती अशीच थांबते, मी टाका बदलेपर्यंत. मंग तिनं बंदूक उचलली आणि त्यानंतर ती पाठ हलली न्हाई. सरांची बोटं थांबली. किती वेळ गेला मला सांगता येणार न्हाई. सगळं संपल्यावर सर उठले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राह्यले. मला वाटलं, गेलं. मी विचारलं तर ते म्हणाले, जेवढे गुण लागत होते त्याच्यावर पॉइंट सहा.

पॉइंट सहा म्हणजे किती, मी विचारलं. ते म्हणाले, ताई, एका टाक्याएवढं.

लेक बाहेर आली, जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. आतून घामानं चिंब झालं होतं. ती म्हणाली, भूक लागली. मी तिला तिथंच पोटाशी धरलं, लोक बघत होते तरी. ऊर भरून येणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

राज्याच्या स्पर्धेत तिला काही मेडल-बिडल मिळालं न्हाई. पण रायफल तिच्याकडं राह्यली. कापलेल्या दोन पट्ट्या मी टाकल्या न्हाईत, एकदा कागद टाकून शहाणी झाले होते. त्या माझ्या मशीनच्या पायांखाली घातल्या, मशीन आता हलत न्हाई. जालन्याला गेले की बसस्टँडच्या कोपऱ्यावर थांबते. काका विचारतात, बंदूकवाली पोरगी कशी हाय? माझ्या डाव्या बाजूचे टाके टिकले का? मी म्हणते, माझे दोन निघाले, तुमचा एकही न्हाई. ते लई खूश होतात.

परवाच्या दिवाळीत लेकीनं जॅकेट घातलं तर बटनं लागेनात. खांद्यात भरली पोर. मी म्हणलं होतंच तसं झालं, आणि उसवायला आत काही न्हाई. तिनं कॅनव्हासचा नवा तागा आणला होता, तो माझ्यासमोर ठेवला आणि हात पसरून उभी राह्यली. मी टेप लावली. पाठ, खांदा, छाती. मंग माझ्याच्यानं राहवलं न्हाई, मी विचारलं, "थोडं तरी सोडू का? एक बोट?"

"एक पण न्हाई," ती म्हणाली. "वाढले तर तू हाईस की परत शिवायला."

माझ्या आईला असं कोणी म्हणलं न्हाई, मीही म्हणले न्हाई. मी वही ओढली आणि जेवढं अंग तेवढंच माप लिहिलं. लेकराचं माप असं जसंच्या तसं लिहायची माझी ती पहिलीच वेळ.